आदिवासी सुईणींची परंपरा कायदा करून परत आणता येईल का?

तुम्ही विचारलंय की कॅनडा आणि पेरूमधल्या मूळच्या लोकांनी बाळंतपणाच्या आपल्या पद्धती कायद्याच्या आधाराने परत मिळवल्या, तसं महाराष्ट्राच्या आदिवासी भागात होईल का. आणि पुढे लिहिलंय, 'की दाया अशिक्षित असल्यामुळे हा विषय आता संपल्यातच जमा आहे?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमेल तेवढं देते. पण लिहायला बसले ती त्या दुसऱ्या वाक्यामुळे. तेच वाक्य मी एकदा स्वतःच्या अक्षरात सरकारी कागदावर लिहिलं आहे.

मी 24 वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राकडची प्रसूतीचं काम करणारी नर्स होते. कोकणा आदिवासी जमातीची. माहेर सुरगाण्याकडचं, शिकले आश्रमशाळेत, आणि लग्न होऊन आले जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, 2014 पर्यंत ठाण्यात होता. कोणतं आरोग्य केंद्र, कोणतं गाव ते लिहीत नाही. माझी सासू सुईण होती आणि तिची सासूही सुईण. आमच्याच पाड्यावर नाही, आजूबाजूच्या सात-आठ पाड्यांवर तिला बोलावणं यायचं. मोबदला म्हणजे शेर-दोन शेर तांदूळ, नारळ, कधी लुगडं. पाचवीच्या दिवशी बाळंतीण सुईणीचे हात धुणार, आणि तेव्हाच सुईण मोकळी होणार. तोवर ती त्या घरात बांधलेली.

ती काय करायची हे थोडं सांगते, कारण 'परंपरा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धूप-अंगाराच येतो. ती आढ्याला दोर बांधायची. बाई तो धरून उकिडवी बसायची आणि मागून कुणीतरी पाठीला गुडघे लावून टेकू द्यायचं. कळा येत नसतील तर ती बाईला फिरवायची, नागलीची पातळ पेज पाजायची, आणि घाई अजिबात करायची नाही. बाळामागून येणारी वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही. कणसरीचं, आमच्या धान्यदेवीचं, नाव घ्यायची, तेही खरं. पण मी पाहिलेल्या कुठल्याही लेबर रूमपेक्षा तिच्या त्या कुडाच्या खोलीत आरडाओरड कमी होती. तिथे बाईला कुणी मांडीवर चापट मारत नव्हतं. 'तेव्हा बरं वाटलं, आता कशाला ओरडतेस' हे वाक्य मी सरकारी लेबर रूममध्ये ऐकलं, आणि पहिल्या काही वर्षांत मीही बोलले असेन.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या आदिवासी बाईला 700 रुपये, आणणाऱ्या आशाला वेगळे. योजना वाईट नव्हती. पण खाली येता येता तिचा अर्थ एवढाच उरला की घरी झालेलं प्रत्येक बाळंतपण हा नर्सचा गुन्हा. मासिक सभेत 'झिरो होम डिलिव्हरी' असं फळ्यावर लिहिलं जायचं. 2006 च्या पावसाळ्याआधी आमच्या केंद्राने हद्दीतल्या अकरा दायांना बोलावलं आणि एका कागदावर अंगठे घेतले. यापुढे प्रसूती करणार नाही, केल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन, असा मजकूर होता. त्यांना वाटलं हजेरीचे अंगठे आहेत. शाईचा पॅड माझ्या हातात होता. सासूचा अंगठा मीच टेकवला आणि घरी आल्यावर रात्री तिला मजकूर वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापर्यंत ती मला 'बाय' म्हणायची, दुसऱ्या दिवसापासून 'शिस्टर' म्हणायला लागली. घरात, चुलीपुढे बसूनसुद्धा शिस्टर.

जुलै 2009. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कळा सुरू झाल्या संध्याकाळी आणि रस्त्यातल्या फरशी पुलावरून पुराचं पाणी वाहायला लागलं दुपारपासूनच. केंद्राची जीप पलीकडे, आम्ही अलीकडे. 108 ची रुग्णवाहिका तेव्हा नव्हती, ती महाराष्ट्रात 2014 मध्ये आली. माझ्याकडे सबसेंटरची पिशवी, विजेरी आणि 21 दिवसांचं एसबीए, म्हणजे कुशल प्रसूतीचं, प्रशिक्षण. सासू उंबऱ्याबाहेर बसून होती. तिची सख्खी मुलगी आत कण्हत होती आणि ती आत येत नव्हती, कारण तिने अंगठा दिला होता.

पहाटे डोकं बाहेर आलं आणि कासवाने मान आत घ्यावी तसं परत ओढलं गेलं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना कळेल. खांदा अडकला होता. शिकवल्याप्रमाणे मी तिला उताणी झोपवून मांड्या पोटाशी दाबल्या, दीराच्या बायकोला ओटीपोटावर दाब द्यायला लावला. काही हललं नाही. बाळाचा चेहरा जांभळा पडत चालला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आणि हे मला कळत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, 'शिस्टर, हात लावू?'

स्वतःच्या लेकीला हात लावायला ती माझी परवानगी मागत होती.

मी म्हटलं, 'लाव, आई.' तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, घाईतही धुतले. मग म्हणाली, 'उपडी करा गं तिला, हातापायांवर.' आम्ही नणंदेला वळवून गुरासारखं हातापायांवर उभं केलं. सासूने कंबरेवर हात ठेवला, पुढच्या कळेची वाट पाहिली, आणि वरच्या बाजूला आलेला खांदा आधी सोडवला. त्याच कळेत अख्खं मूल बाहेर आलं. मुलगी. ओल्या फडक्यासारखी लोळागोळा. मी कात्री घेतली तर सासूने माझं मनगट धरलं. 'नाळ उडते अजून. तोडू नको.' मी तोंड-नाक साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मिनिट-दीड मिनिटाने ती रडली.

गोष्ट इथे संपवली तर मी खोटी ठरेन. वार पडली आणि रक्त थांबेना. सासू पोट दाबत होती, तिला येत होतं ते सगळं करत होती. रक्त थांबलं ते ऑक्सिटोसिनच्या 10 युनिटच्या इंजेक्शनने, जे मी मांडीत दिलं. ते नसतं तर नणंद गेली असती. पाचवीला नणंद आईचे हात धुवायला बसली तेव्हा सासू म्हणाली, 'शिस्टरचे पण धू. सुई तिने टोचली.' माझे हात धुतले गेले, सुईणीसारखे.

त्यानंतर तीन दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. आपल्या कार्यक्षेत्रात, आपल्याच घरी, घरी प्रसूती का झाली? केंद्राच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की दाईमुळे झालं असं लिहा, विषय संपेल. मी सांगायचा प्रयत्न केला की खांदा सुटला तो आईंमुळे. ते म्हणाले, 'सिस्टर, नशिबाने जमलं, त्याला ज्ञान म्हणू नका.' दोन मुलं शाळेत होती, नवऱ्याला पगार नव्हता. मी लिहिलं: 'अप्रशिक्षित व अशिक्षित दाईने परस्पर हस्तक्षेप केल्याने गुंतागुंत निर्माण झाली.' पुढच्या सभेत ते उदाहरण म्हणून सगळ्यांपुढे वाचलं गेलं. नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. त्यानंतर सासूला कुणी बोलावलं नाही. तिने आपला सुईणकामाचा ॲल्युमिनियमचा डबा माळ्यावर टाकला. 2014 मध्ये ती वारली. त्या कागदाबद्दल तिने मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

2016 मध्ये एका प्रशिक्षणात पडद्यावर चित्र आलं. बाई हातापायांवर, खाली लिहिलेलं 'गॅस्किन मॅन्युव्हर'. खांदा अडकला तर करायचा उपाय. अमेरिकेतल्या आयना मे गॅस्किन या सुईणीचं नाव त्याला आहे. बाईंचा दोष नाही, त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की 1976 मध्ये ही रीत त्यांना ग्वाटेमालाच्या डोंगरांतल्या मूळनिवासी सुईणींकडून कळली. 1998 मध्ये 82 बाळंतपणांवरचा लेख छापून आला, मग पुस्तकांत गेली, मग पडद्यावर, मग माझ्या वहीत. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, ते नशीब नव्हतं. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या बाईला जे माहीत होतं ते आमच्या डोंगरातल्या बाईलाही माहीत होतं. दोघींच्या नावाने काहीही छापलेलं नाही.

उशिरा नाळ कापण्याचंही तसंच. उकिडवं किंवा उभं राहून बाळंत होण्याचंही तसंच. 2018 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात लिहिलंय की बाईला हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या, नाळ कापायची घाई करू नका. आम्ही जे दहा-बारा वर्षं दटावून बंद केलं, ते आम्हालाच नव्याने शिकवलं गेलं. ज्यांना दटावलं त्यांच्याकडे मात्र कुणी परत गेलं नाही. माझा सगळा राग इथे आहे.

आता तुमचा प्रश्न. कॅनडाचं ऐकून होतात ते बरोबर आहे. क्युबेकच्या उत्तरेला हडसनच्या उपसागराकाठी पुविरनितुक नावाचं इनुइट गाव आहे. तिथल्या बायकांना दिवस भरत आले की विमानाने दक्षिणेला नेऊन ठेवायचे, आठवडेच्या आठवडे, एकटीला, परक्या भाषेत. 1986 मध्ये तिथे गावातच प्रसूतिगृह सुरू झालं आणि इनुइट बायकांनाच सुईणीचं शिक्षण तिथल्या तिथे दिलं जाऊ लागलं. जोखमीच्या बायका आजही विमानाने जातात, बाकीच्या गावात बाळंत होतात. ओंटारिओने 1991 च्या सुईणींच्या कायद्यात मूळनिवासी सुईणींना सूट ठेवली, म्हणजे त्या समाजाने ज्यांना सुईण मानलं त्यांना सरकारी नोंदणीशिवाय आपल्या लोकांत काम करता येतं. पेरूने 2005 मध्ये उभ्याने बाळंतपण करण्याचा नियमच काढला, म्हणजे आमच्या सासूचा दोर तिथे सरकारी दवाखान्यात आला.

आपल्याकडे काय आहे? 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने बाजूने मत दिलं, त्यातलं 24 वं कलम पारंपरिक औषध आणि आरोग्यपद्धती जपण्याचा हक्क सांगतं. पण सगळेच भारतीय इथले मूळचे, अशी आपल्या सरकारची भूमिका, म्हणून त्या कागदाने गावात पान हलत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारची मिडवाइफरीची, म्हणजे सुईणकामाची, मार्गदर्शक तत्त्वं आली, चांगली आहेत, पण 18 महिन्यांचं ते शिक्षण आधीच नर्स असलेल्यांसाठी. 2023 चा नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्यांची नोंदणी करतो. दाईला या दोन्हीकडे दार नाही. ओंटारिओसारखी एका ओळीची सूट इथेही घालता येईल आणि घालायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपायचा अधिकार देतो, आणि सामाजिक क्षेत्रातल्या संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचं कलमही त्यात आहे. आपल्या राज्याचे नियम 2014 चे. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. ग्रामसभेने ठराव करावा की अमुक बाई आमची सुईण, ती बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाईल, तिला इतकं मानधन. बाळंतपणात सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने 2016 पासून परवानगी दिलेली आहे. सोबतीण म्हणजे सासू किंवा बहीणच हवी असं कुठे लिहिलेलं नाही. लेबर रूममध्ये एक दोर आणि एक चटई ठेवायला किती खर्च येतो? माहेरघर योजनेत दिवस भरलेल्या बायका केंद्राजवळ येऊन राहतात, तिथे सुईण का नको?

तुम्ही 'समाजाच्या जखमा भरून येणं' असंही काही लिहिलंय. मी नोकरी सोडली 2019 मध्ये. त्या वर्षी ग्रामसभेत उभी राहिले आणि ते वाक्य वाचून दाखवलं, ते मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं असं सांगितलं. अकरा दायांपैकी तिघी उरल्या होत्या, तिघी समोर बसलेल्या. नणंद रडली. एक दाई म्हणाली, 'मग आता पैसे मिळणार का?' आधी मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं की तीच बरोबर होती. अंगठा घेताना जशी कागदावर जबाबदारी टाकली तसं मानधनही कागदावर यायला पाहिजे. नुसती माफी मागून मी मोकळी झाले असते, ती नाही. ठराव झाला, एक वर्ष पैसे मिळाले, मग कोरोना आला आणि ते थांबलं. मी परत मागे लागले आहे.

जुन्या बायका दवाखान्याला का घाबरतात तेही समजून घ्या. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं हे राज्य आहे. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही, पण जीप दिसली की रानात पळायचं हे आमच्या सासूला तेव्हापासून माहीत होतं. त्या बाईला आम्ही 2006 मध्ये पुन्हा जीप पाठवून अंगठ्याला बोलावलं.

आता, यातून घरी बाळंत व्हा असा अर्थ कृपा करून काढू नका. 2004-06 मध्ये राज्यात लाख जिवंत जन्मांमागे 130 आया मरत होत्या, 2018-20 मध्ये 33. त्यात दवाखान्याचा वाटा मोठा आहे आणि मी त्या कामात होते याचा मला अभिमान आहे. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हिमोग्लोबिन सात-आठवर असलेल्या बायका आहेत, त्यांना रक्ताची पिशवी लागते, दोर पुरत नाही. आणि सगळं जुनं सोनं नसतं. बाळाचं पोट तापलेल्या लोखंडाने डागणं, आईच्या पहिल्या दुधाचा चीक पिळून फेकणं, हे मी पाहिलंय आणि याविरुद्ध मी सासूशीही भांडले आहे. चीक फेकणं तिने माझ्या सांगण्यावरून बंद केलं. म्हणजे सांगितलं तर ती ऐकत होती. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, 39 गावांतला तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचं जगाने वाचलं. त्या बायकाही फार शिकलेल्या नव्हत्या.

तुमच्या गावच्या म्हाताऱ्या दाईची माहिती नोंदवायची आहे असं शेवटी लिहिलंय. भेटायला जाल तेव्हा कॅमेरा पहिल्याच दिवशी काढू नका. आणि 'अप्रशिक्षित' हा शब्द लिहिण्यापूर्वी तिला तिचा डबा उघडायला सांगा. त्या काळात सरकारनेच हजारो दायांना प्रशिक्षण दिलं होतं. सासू गेल्यावर मी माळ्यावरून डबा काढला. ब्लेड गंजलेलं, दोऱ्याचं रीळ, साबणाची वाळकी वडी, आणि तिच्याखाली चार घड्या घातलेलं 1983 चं दाई प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. शिक्का आमच्याच केंद्राचा होता.